‘क्वीन’चं यश कुणाचं? एकट्या फ्रेडीचं की चौघांचं?

‘क्वीन’ म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, असं अनेक चाहते मानतात. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या फ्रेडीबद्दल आपल्याकडे जिव्हाळाही आहे. पण श्रेय त्याचं एकट्याचं का?

गाणी कुणाची?
‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (१९७५) फ्रेडीचं. मात्र ‘वुई विल रॉक यू’ (१९७७) गिटारवादक ब्रायन मे यांचं, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ (१९८०) बासवादक जॉन डीकन यांचं, तर ‘रेडिओ गा गा’ (१९८४) ड्रमर रॉजर टेलर यांचं.

बँडमध्ये वाद का?
कारण रॉयल्टी! ‘ऱ्हॅप्सडी’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलर यांचं गाणं होतं. रेकॉर्ड तुफान खपली आणि त्यांनाही फ्रेडीइतकीच रॉयल्टी मिळाली. त्यावरून कुरबुर झाली.

तोडगा काय निघाला?
१९८९च्या ‘द मिरॅकल’ अल्बममध्ये सगळी गाणी ‘क्वीन’ या एकाच नावावर आली.

सातपूर एमआयडीसीतल्या कामगाराला हे वेगळं सांगायला नको. पार्टवरचा रंग आधी डोळ्यांत भरतो, पण तो घडतो लेथवर. फ्रेडीचा आवाज मोठाच; गाणी मात्र चौघांची.