गोड वासाचा धूर आणि आपली भीड

कसबा पेठेतल्या बोळांत मोबाईल दुरुस्तीचे दुकान, सलून, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या जागा खणभर. चार माणसे आत उभी राहिली की पाचव्याने पायरीवर थांबायचे. अशा ठिकाणी कुणी सिगारेट पेटवली तर दुकानदार लगेच म्हणतो, "बाहेर जाऊन ओढ." पण पेनासारखी नळी तोंडाला लावून एखाद्या मुलाने स्ट्रॉबेरीच्या नाहीतर पुदिन्याच्या वासाचा पांढरा लोट सोडला, तर कुणी काही बोलत नाही. राख नाही, थोटूक नाही, वासही बरा. तांबट आळीत राहणाऱ्याला जशी ठोक्यांची सवय होते, तशी या वासाचीही होऊ लागली आहे.

बोलायला हवे. मात्र कुणाशी आणि कसे, ते आधी ठरवू.

परदेशात बऱ्याच ठिकाणी ही वस्तू उघड विकली जाते, म्हणून तिथली दुकाने आणि हॉटेले "इथे वेप ओढू नये" अशी पाटी लावतात. इंग्लंडमध्ये तर सिगारेट सुटत नसलेल्या मोठ्या माणसांना सरकारी आरोग्यसेवाच वेपकडे वळायला सांगते. तरीही एकदा वापरून फेकायच्या वेपची विक्री तिथे जून २०२५ पासून बंद झाली. आपल्याकडची गोष्टच वेगळी. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, वाटणे, तिची ने-आण करणे, जाहिरात करणे हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

यातला "ने-आण" हा शब्द आयाबायांनी नीट लक्षात ठेवावा. मागवणारा, पैसे कमावणारा कुठेतरी लांब बसलेला असतो. "हे पाकीट तेवढे कॉलेजच्या गेटवर पोचव, शंभर रुपये देतो," असे वस्तीतल्या पोराला सांगितले जाते, आणि पोलिसांनी अडवले की पाकीट पोराच्या खिशात असते. वकील लावायची ऐपत आपल्या घरांत किती, हे मी सांगायला नको. केवळ ओढणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, म्हणून दुकानात वेप ओढणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला धरून चौकीवर नेण्याची भाषा करू नये. तक्रार करायचीच तर काउंटरखालून विकणाऱ्याची करावी. फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडती घेण्याचा आणि माल जप्त करण्याचा अधिकार आहे.

आता "ही नुसती वाफ आहे" याबद्दल. चहाच्या किटलीतून निघते ती वाफ. या नळीत बॅटरी असते, ती एक तार तापवते आणि तारेवरचे द्रव उडते. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. नव्या प्रकारांत निकोटिन अशा रूपात घालतात की घशाला झोंबत नाही. त्यामुळे बिडीच्या पहिल्या झुरक्याला खोकून फेकून देणारे पोर इथे सहज ओढत जाते आणि अडकते. शेजारी उभ्या असलेल्याच्या छातीत जाते ते सिगारेटच्या धुरापेक्षा कमी घातक, हे खरे आहे आणि ते लपवायचे कारण नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. त्यात बारीक कण असतात, निकोटिन असते. दमेकरी म्हातारी, पोटुशी सून, कडेवरचे लेकरू यांनी ते का हुंगावे? दहा बाय बाराच्या खोलीत तर ते जायला वाटही नसते.

मी नर्सिंग शिकत होते तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात नातेवाईक खुशाल बिड्या ओढायचे आणि त्यांना हटकणारा उद्धट ठरायचा. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, २ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली. पुढे २००३ चा कायदा आला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले, दोनशे रुपयांपर्यंत दंड बसू लागला, "धूम्रपान निषिद्ध" पाट्या लागल्या. आज त्याच जिन्यात बिडी पेटवणारा स्वतःच आधी इकडेतिकडे बघतो. मुलगा म्हणेल, "पाटीवर वेप कुठे लिहिलंय? यात तंबाखू नाही." त्याच्याशी वकिली करू नका. ही वस्तू विकायलाच बंदी आहे, एवढे सांगितले की पुरे.

सांगायचेही चार मित्रांसमोर ओरडून नाही. जवळ जाऊन, हळू आवाजात: "दादा, आत नको, बाळ आहे माझ्यासोबत." बहुतेक मुले खिशात घालतात, मी पाहिले आहे. ऐकले नाही तर दुकानदाराला सांगा. आपली जागा कशी ठेवायची हे त्याने ठरवायचे. दुकानदार आपला गिऱ्हाईक म्हणून मान राखतो, त्या मानाचा उपयोग इथे करावा. विहाराच्या अभ्यासिकेत मात्र वाट पाहू नये, पहिल्याच दिवशी नियम सांगून टाकावा.

एक गोष्ट आपल्याच घरातली. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्के, बाकीचा भार चघळण्याचा आणि मिश्रीचा. सकाळी चुलीपाशी मिश्री लावणारी आई आणि पायरीवर पुडी फाडणारे वडील मुलाच्या वेपवर चिडले तर तो काय म्हणेल? तो म्हणतोच. मग सोडायचे तर सगळ्यांनीच सोडू, असे घरात एकदा बोलून बघा. १८००-११-२३५६ ही सरकारी तंबाखूमुक्ती सेवा मोफत आहे. फोन करताना लाजू नये, समोरचा माणूस रोज हेच ऐकतो. पहिले काही दिवस चिडचिड, झोपमोड, डोकेदुखी होते. ते निकोटिन सुटत असल्याचे लक्षण आहे, पोर बिघडल्याचे नव्हे.

घरात अशी नळी किंवा द्रवाची बाटली सापडली तर उंचावर, बंद डब्यात ठेवा. ओल्या कचऱ्यात टाकू नका, आतली बॅटरी चेपली की पेट घेते. ती ई-कचऱ्यात द्यावी. लहान मुलाने द्रव चाटले तर उलट्या होतात, छाती धडधडते, झटकेही येऊ शकतात. अंगावर सांडले असेल तर साबण-पाण्याने धुवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या. तिच्यावर निकोटिनचा आकडा छापलेला असेल तर डॉक्टरांना तो लागतो.