टाकी उपसायची, तर आधी पाईप बघा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत वाळू कशी हवी, कास्टिंगला किती सूट चालेल, यावर तासभर चर्चा होते. कारखान्यामागची सेप्टिक टँक भरली की मात्र ‘टँकर बोलवा’ एवढ्यावर विषय संपतो. टँकर कोणता पाईप घेऊन येतो, हे कुणी बघत नाही. खरी गोम तिथेच आहे. पाईप पुरला नाही किंवा चिकटला की काम अडते आणि मग कुणीतरी सहज म्हणते, “जरा आत उतरून बघ.”

पहिला गैरसमज असा की पाईप लांब असला म्हणजे टाकी कितीही खोल असली तरी चालते. पंप मैला ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप पाईपमधली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब मैल्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा साधारण १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे इथे ही मर्यादा आणखी अर्धा-पाऊण मीटर कमी. त्यात गाळ घट्ट आणि पाईपमध्ये घर्षण, म्हणून सहा-सात मीटरच्या उचलीवर भरवसा ठेवावा. आडवे अंतर वाढले तरी ओढ मंदावतेच. टँकर टाकीजवळ आणता येत असेल, तर आणखी एक पाईप जोडण्यापेक्षा तेच बरे.

‘पाईप म्हणजे पाईप, जाड असला की झाले’ हेही खोटे. नदीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही: मोटारीच्या ओढीच्या बाजूला तो कडीचा सक्शन पाईप लावतो, चपटा गुंडाळायचा पाईप फक्त पुढच्या बाजूला. मैल्याच्या टँकरलाही तोच न्याय. आत सर्पिल कडी नसेल तर निर्वातात पाईप चपटा होतो. कॅरॅव्हॅनच्या शौचटाकीला लावतात तो तीन इंची पातळ, घडीचा पाईप उतारावरून मैला वाहून नेण्यापुरता असतो. पंपाला तो जोडू नये.

व्यास तीन ते चार इंच ठीक. दोन इंची पाईप चिंध्या आणि प्लॅस्टिकने तुंबतो. पण मोठा तितका चांगला, असेही नाही. चार इंची पाईपच्या एका मीटरमध्ये आठ लिटर मैला मावतो. दहा मीटर भरलेला पाईप उचलायचा म्हणजे ऐंशी किलो, शिवाय पाईपचे वजन वेगळे. म्हणून उपसा संपला की पंप चालू असतानाच टाकीतले टोक वर काढायचे. हवा आत शिरते, पाईप टँकरमध्ये रिकामा होतो, त्यानंतरच व्हॉल्व्ह बंद करून कपलिंग सोडायचे. घाईत हे उलटे केले की सगळे अंगावर.

नेण्या-आणण्यात तर आनंदच असतो. दोन्ही टोके उघडी, पाईप टँकरच्या अंगावर लोंबकळतो आणि महामार्गभर ठिपके. दोन्ही टोकांना टोपण हवे, आतून पाणी मारलेले हवे, आणि त्या पाण्याचा नळीपाईप पिण्याच्या पाण्याला कधीच वापरायचा नाही. उन्हात पडलेले पीव्हीसी कडक होऊन तडकते. बारीक तडा गेला किंवा कपलिंगचा वायसर झिजला की पंप हवाच ओढत बसतो.

मशीनशॉपवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट: ‘आलाच आहे टँकर, तर वापरलेले तेल आणि कूलंटही घेऊन जा’ असे म्हणू नका. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते अधिकृत परवानाधारकालाच द्यावे लागते. शिवाय तेलाने साध्या पाईपचे रबर आणि पीव्हीसी खराब होते.

आणि सगळ्यांत घातक समज: वास येत नाही म्हणजे गॅस नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, खाजगी कारखान्यालाही. अशा कामात होणाऱ्या मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात १० लाखांवरून ३० लाखांवर नेली.

टँकरवाल्याला फोन कराल तेव्हा दर विचारण्याआधी टाकीची खोली आणि गेटपासूनचे अंतर सांगा, आणि कडीचा पाईप आहे का ते विचारा. पाईप पुरत नसेल तर त्याला परत पाठवा. टाकी आणखी एक दिवस थांबू शकते.