नकाशाचा तुकडा कोणत्या फॉरमॅटमध्ये पाठवाल?

समजा, आई-बाबा पहिल्यांदाच दोहाला आलेत. हमद विमानतळावरून टॅक्सीने अल थुमामाला, तुमच्या घरी निघालेत. तुम्ही स्वतः बनवलेल्या वेब-नकाशाची लिंक त्यांना पाठवलीय. आईचा फोन जुना, डेटा मोजकाच. टॅक्सी पुढे जातेय आणि नकाशाच्या जागी नुसते राखाडी चौकोन! अशा वेळी आपण फोनला नावं ठेवतो. पण आधी आपण पाठवलेली चित्रं तपासायला हवीत.

वेब-नकाशा म्हणजे एक मोठं चित्र नव्हे. बहुतेकदा तो २५६ × २५६ पिक्सेलच्या तुकड्यांचा, म्हणजे टाइल्सचा बनतो. फोनच्या पडद्यावर एका वेळी दहा-पंधरा टाइल्स येतात. दर पिक्सेलला तीन बाइट धरले, तर एक कच्ची टाइल १९२ केबी भरते. म्हणून ती दाबून लहान करावी लागते. कशी दाबायची, हे चित्रात काय आहे त्यावर ठरतं.

अल थुमामा स्टेडियमचंच बघा. २०२२च्या विश्वचषकासाठी बांधलेलं हे स्टेडियम गहफिया या पारंपरिक टोपीच्या आकाराचं आहे. त्याच्या उपग्रहचित्रात रंगांच्या असंख्य छटा असतात. तिथे जेपेग उत्तम. डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे ते टाकून देतं, त्यामुळे फाइल बरीच लहान होते.

आता त्याच जागेचा रस्त्यांचा नकाशा घ्या. मोजके रंग, सरळ कडा, अरबी-इंग्रजी नावं. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतं, त्यामुळे जास्त दाबलं की अक्षरांभोवती धुरकट ठिपके उठतात. अरबीत तर नुक्त्यांवरून अक्षर ओळखायचं! इथे २५६ रंगांपर्यंतची पॅलेट असलेलं पीएनजी वापरा. दर पिक्सेलला तीनऐवजी एकच बाइट लागतो, शिवाय पुढचं दाबणं काहीही न गमावता होतं. नुसत्या समुद्राची एकरंगी टाइल तर शंभर-दीडशे बाइटांत मावते.

उपग्रहचित्रावर रस्ते आणि नावं ठेवायची असतील, तर वरचा थर पारदर्शक हवा. जेपेगला पारदर्शकता जमत नाही; पीएनजीला जमते.

मग वेबपी? गूगलने २०१० साली आणलेला हा फॉरमॅट दोन्ही कामं करतो, आणि फाइल बहुधा आणखी लहान होते. एव्हीआयएफ त्याहून लहान होऊ शकतं, पण टाइल तयार करायला वेळ खातं. टाइल्स आधीच बनवून ठेवत असाल तर ठीक. मागणी आल्यावर बनवत असाल, तर वाचलेला वेळ सर्व्हरवरच जाईल. जुन्या ब्राउझरसाठी पीएनजी-जेपेगची सोयही ठेवा. आपल्याला कोणते फॉरमॅट कळतात, हे ब्राउझर मागणीसोबत सांगत असतो.

थोडक्यात, अख्ख्या नकाशाला एकच फॉरमॅट लावू नका. प्रत्येक थराचं वेगळं ठरवा. आणि चाचणी ऑफिसच्या वायफायवर नको. आईचा फोन घ्या, नेट मंद करा आणि मग बघा, घर सापडतंय का.