बोजा आणि बदली

जालना जिल्ह्यातील मनुष्य आगगाडीने परमुलखास निघाला म्हणजे त्याच्या प्रवासाचा आरंभ बहुधा आगगाडीत होत नाही. जिल्ह्यात तालुके आठ. परंतु तालुक्याच्या ठिकाणांपैकी बदनापूर, जालना आणि परतूर एवढीच काय ती रुळावर वसलेली. अंबड, भोकरदन, जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगी येथील प्रवाशाने प्रथम एस.टी. धरावयाची, जालन्याच्या बसस्थानकावर उतरावयाचे, तेथून रिक्षा करून स्टेशन गाठावयाचे, आणि गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार असल्यास पुलाच्या पायऱ्या चढून-उतरून सामान एकदाचे जमिनीवर टेकावयाचे. गाडीचा प्रवास रात्रभराचा असला तरी सामानाला त्या रात्री काही काम नसते. ते बाकाखाली निवांत पडून असते. त्याची आणि त्याच्या धन्याची खरी परीक्षा होते ती गाडी येण्यापूर्वीच्या तासाभरात आणि गाडी सोडल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

असे असूनही दुकानात बॅग पसंत करणारा गृहस्थ बहुधा एकच प्रश्न विचारतो : हिच्यात मावते किती? दुकानदार गुळगुळीत फरशीवर ती बॅग एका बोटाने ढकलून दाखवितो, ती सुरेख घरंगळते, आणि सौदा पटतो. ही बॅग आपल्याला वाटेत किती वेळा, कोठे आणि कोणाच्या मदतीने उचलावी लागेल, हा हिशेब त्या ठिकाणी कोणी मांडीत नाही. आणि आमच्या मते तर निवडीचे सारे मर्म त्या हिशेबातच आहे. मराठवाड्यातील मागील पिढ्यांना तो पाठ होता, कारण रेल्वेनेच त्यांच्याकडून तो घोकून घेतला होता.

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या वाटेने सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस घातला गेला आणि विसाव्याच्या उंबरठ्यावर पुरा झाला. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे असे त्याचे नाव. तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर ठेवणारा. आणि मनमाडास ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी. आय. पी.) रेल्वेशी त्याची गाठ पडे ती ब्रॉड गेजची, १६७६ मिलिमीटरांची. इकडचा डबा तिकडच्या रुळावर चढणे अशक्य. त्यामुळे जालन्याहून मुंबईस निघालेला प्रत्येक मनुष्य, मग तो वकील असो, कापसाचा अडत्या असो की माहेरवाशीण असो, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवरील मनमाडास सर्व सरंजामासह खाली उतरे आणि मोठ्या लाइनीच्या गाडीची वाट पाहत बसे. माणसांचे जे, तेच मालाचे. जालन्याच्या बाजारातून निघालेल्या कापसाच्या गाठीही तेथे एका वाघिणीतून काढून दुसरीत भराव्या लागत. ही व्यवस्था थोडीथोडकी नव्हे, नव्वदांवर वर्षे चालली. १९९० नंतरच्या काही वर्षांत हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला, तेव्हा कोठे जालनेकरांची मनमाडची सक्तीची बदली संपली.

या बदलीने सामानाचे एक अलिखित शास्त्र घडविले. बोजा एकच अजस्र न करता त्याचे नग करावयाचे, आणि प्रत्येक नग असा की तो एका माणसाच्या डोक्यावर, खांद्यावर किंवा हातात सामावला पाहिजे. पत्र्याची ट्रंक व तिच्यावर वळकटी हमालाच्या डोक्यावर. पाण्याचा फिरकीचा तांब्या व कडीचा डबा कुटुंबातील थोरल्या मुलाकडे. काखेत मूल आणि हातात पिशवी घेतलेली गृहिणी त्यांच्या मागोमाग. आणि हमालाशी घासाघीस आटोपून सर्वांत शेवटी, बहुधा एक छत्री एवढाच भार वाहत, घरचा कर्ता पुरुष. दर उतारावर नग मोजले जात. निघताना सात होते, मनमाडास सात भरले, दादरला सात उतरले, म्हणजे प्रवास सुखरूप झाला, अशी त्या काळची व्याख्या होती. आज एकाच अवाढव्य बॅगेत सारे कोंबून ‘नग एकच’ म्हणून समाधान मानणाऱ्यास त्या मोजणीतील शहाणपण चटकन ध्यानात येत नाही. परंतु सात नग सात हातांत वाटता येतात, आणि पस्तीस किलोंचा एक नग कोणाशीच वाटून घेता येत नाही.

त्या वेळच्या प्रवाशाच्या सामानाला आणखी एक उपाधी होती. रोटेगाव मागे पडले की निजामी मुलूख संपून इंग्रजी अंमल सुरू होई. निजामाच्या राज्याची स्वतःची करोडगिरी, म्हणजे जकातीचे खाते होते, आणि स्वतःचे नाणेही होते. हाली सिक्का त्याचे नाव. इंग्रजी कलदार रुपये शंभर घ्यावयाचे तर हाली सुमारे ११६ मोजावे लागत. साहजिकच मुंबईस जाणाऱ्या जालनेकराला दोन प्रकारची नाणी वेगळी बाळगणे प्राप्त होते. १९४८ च्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे काही वर्षांत हाली सिक्काही व्यवहारातून गेला.

सामान मागे ठेवण्याचा सर्वांत गाजलेला निर्णयही याच जिल्ह्यातला आहे, हे जाता जाता सांगावयास हवे, जरी त्याचा रेल्वेशी सुतराम संबंध नसला तरी. जाफराबाद तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची जी लढाई झाली, तिच्या दिवशी इंग्रज सेनापती वेलस्लीने आपले तळाचे सामान काही मैल अलीकडच्या मुक्कामी पहाऱ्यात ठेवले आणि तो सडा पुढे गेला. लष्कराबरोबर चालणाऱ्या बुणग्यांपायी मराठी फौजांची चाल किती मंदावे याची वर्णने आपण शाळेपासून वाचीत आलो आहोत. लढाईचा निकाल एवढ्यावरूनच लागला असे कोणी म्हणणार नाही. तथापि बुणगे कोठे सोडावेत हे ज्याला कळते त्याची चाल हलकी राहते, एवढे त्या दिवसाने दाखविले.

सामानातील एकेक वस्तू कशी आली आणि कशी गेली हे पाहू लागले असता असे दिसते की तिला आणणारी व घालविणारी बहुधा रेल्वेच होय. होल्डॉल घ्या. जाड कॅनव्हासचा, चामडी पट्ट्यांचा, आत गादी-उशी-चादर आणि दोन्ही टोकांच्या खिशांत चपला-टॉवेलांपासून वर्तमानपत्रापर्यंत सर्व गिळणारा तो होल्डॉल मध्यमवर्गीय घरात एके काळी लग्नाच्या आहेरात येत असे. त्याचे कारण उघड होते : दुसऱ्या वर्गाची बाके उघड्या लाकडाची होती. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत त्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास आरंभ झाला. तो निर्णय सामान्य प्रवाशाच्या पाठीसाठी होता. पण त्याचा परिणाम पाठीवरच्या ओझ्यावरही झाला. गादी न्यावयाची गरज उरली नाही, आणि पुढील दशकांत होल्डॉल माळ्यावर गेला. वातानुकूलित वर्गात चादर, उशी व ब्लँकेट रेल्वेच पुरविते. शयनयान वर्गाच्या प्रवाशाने मात्र अजूनही एक सोलापुरी चादर जवळ ठेवावी, कारण जालन्याहून मुंबईच्या वाटेवर हिवाळ्यातील पहाट नाशिकच्या आसपास चांगलीच बोचते.

ट्रंकेची जागा कडक सूटकेसने घेतली. १९७० नंतरच्या दशकात व्ही. आय. पी. कंपनीच्या साच्यातल्या प्लास्टिकच्या सूटकेसी घरोघर शिरल्या, आणि त्यांचा कारखाना नाशिकास, आपल्याच वाटेवर, होता. चाके मात्र फार उशिरा आली. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतर, म्हणजे १९७० मध्ये, बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकी गृहस्थास सूटकेसला चाके लावण्याची युक्ती सुचली आणि १९७२ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. उभी धरून दांड्याने ओढावयाची दोन चाकांची बॅग तर रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने १९८७ च्या सुमारास तयार केली. चाके ही विमानतळाच्या फरशीची निर्मिती आहे, हे खरेदीच्या वेळी विसरता कामा नये. चार बारीक, सर्व दिशांनी फिरणारी चाके दिसावयास देखणी. पण बसस्थानकाच्या आवारातील खडीत ती रुततात, आणि धावत्या गाडीत बॅग उभी ठेवली तर वळणावर ती आपल्या मर्जीने डब्यात सहल करते. दोन मोठी, रबरी आवरणाची, बॅगेच्या अंगात अर्धी गाडलेली चाके या मुलखास अधिक मानवतात. आणि बॅग रिकामी असताना तोलून पाहावी. मोठ्या कडक बॅगेचे स्वतःचेच वजन चार-साडेचार किलो भरते, म्हणजे एक कपडाही न भरता तितके ओझे आपण विकत घेतलेले असते.

आता कायदेकानू. विनाशुल्क सामानाची मर्यादा वातानुकूलित प्रथम वर्गास ७० किलो, द्विस्तरीयास ५०, त्रिस्तरीय, चेअर कार आणि शयनयानास ४०, व साध्या दुसऱ्या वर्गास ३५ किलो अशी आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलास याच्या निम्मी. वजनाचा हा आकडा बहुतेकांना उदार वाटतो. परंतु खरी मेख वजनात नसून मापात आहे. सर्वसाधारणपणे १०० × ६० × २५ सेंटिमीटरची पेटी चालते, पण त्रिस्तरीय वातानुकूलित डब्यासाठी आणि चेअर कारसाठी हे माप केवळ ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटर आहे. दुकानात ‘मोठी’ म्हणून जी पाऊण मीटर उंचीची बॅग मिळते ती या मापात बसत नाही. ‘केबिन’ म्हणून मिळणारी धाकटी बॅग जवळपास बसते. कारण सरळ आहे : समोरासमोरच्या दोन बाकांखालची जागा तेथे सहा जणांची असते, आणि चेअर कारमध्ये तर बाकाखाली जागाच नाही, सर्व भिस्त डोक्यावरच्या फळीवर. डिसेंबर २०२३ अखेरीस जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली तेव्हापासून या फळीचा प्रश्न जालनेकरांच्या नित्य परिचयाचा झाला आहे. म्हणून त्या गाडीने जाणाऱ्याने आपण स्वतः डोक्याच्या वर उचलू शकू तेवढीच बॅग घ्यावी, आणि कापडी घ्यावी. कापड दबते, प्लास्टिक दबत नाही. मर्यादेबाहेरचे सामान न नोंदविता सापडल्यास दराच्या सहापट आकार भरावा लागतो. जड वस्तू पार्सल कचेरीत नोंदवून गाडीच्या ब्रेकडब्यात देणे हाच राजमार्ग.

नोंदणीचा आणखी एक लाभ आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १०० प्रमाणे पावती घेऊन सोपविलेल्या सामानाबद्दल रेल्वे उत्तरदायी असते. प्रवाशाने आपल्या ताब्यात ठेवलेले सामान गेल्यास मात्र रेल्वेच्या किंवा तिच्या नोकराच्या हलगर्जीपणामुळे ते गेले हे सिद्ध करावे लागते. रात्रीच्या गाडीत साखळी-कुलूप न्यावे ते याच कारणाने. बाकाखाली साखळी अडकविण्यासाठी तारेच्या कड्या असतात, त्या पुष्कळांना ठाऊक नसतात. बॅगेला बाजूची मजबूत मूठ नसेल तर साखळी ओवणार कशात, हेही दुकानातच पाहावे. परतूर किंवा रांजणीसारख्या स्टेशनावर, जेथे गाडी एक-दोन मिनिटांच्या वर थांबत नाही, तेथे उतरणाऱ्याने ते कुलूप एक स्टेशन आधीच काढून बॅग दाराशी आणावी.

निवडीचा उत्तम नमुना आम्हांस जालन्याच्या स्टेशनावर दिसला तो दुकानी मालात नव्हे. येथील पोलाद कारखान्यांत बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार मोठ्या संख्येने आहेत, आणि जालन्याहून छपऱ्यास जाणारी गाडी त्यांनी भरून जाते. दिवाळी-छठला गावी निघालेल्या या मंडळींच्या हातात रंगाची रिकामी, झाकणाची, वीस लिटरची बादली असते. कपडे, भांडी, मुलांसाठी घेतलेली खेळणी तिच्यात. पाऊस आला तरी आत थेंब नाही. कडी असल्याने हातात धरता येते. आणि जागा न मिळाल्यास झाकण लावून तिच्यावर बसता येते. किंमत जवळजवळ शून्य. सामान वाहणारा आणि सामानाचा धनी एकच असला म्हणजे विचार असा नेमका होतो.

याच्या उलट टोकाला मुंबईस औषधोपचारासाठी जाणारे रुग्ण. केईएम किंवा टाटा रुग्णालयात निघालेल्या कुटुंबाने एक्स-रे आणि कागदपत्रे मोठ्या बॅगेत दडपू नयेत. त्यांची वेगळी, चेन असलेली, गळ्यात अडकविण्याजोगी सपाट पिशवी असावी व ती उशाशी ठेवावी. दुसरी एक जालनी सवय मोसंबीची. मुंबई-पुण्याच्या आप्तांकडे रिकाम्या हाताने जाणे येथे शोभत नाही, आणि भौगोलिक मानांकन लाभलेली ही मोसंबी फळ म्हणून टिकाऊही; पण प्लास्टिकच्या बंद पिशवीत ती घामाने नासते. जाळीच्या किंवा तागाच्या पिशवीत, पाच-सात किलोंचे दोन वाटे करून न्यावी, म्हणजे दोन्ही हातांना भार सारखा येतो.

दिवाळीच्या दिवसांतील शेवटची गोष्ट फटाक्यांची. गावाकडे स्वस्त मिळाले म्हणून बॅगेच्या तळाशी लपवून नेले जाणारे फटाके, रॉकेल वा गॅसची टाकी यांना आगगाडीत सक्त मनाई आहे, आणि रेल्वे अधिनियमाच्या कलम १६४ खाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. फराळाला अर्थातच कोणाची हरकत नाही. मात्र तो वेगळ्या नगात असावा, मऊ कपड्यांच्या बॅगेत नव्हे, कारण तेल पाझरते. पत्र्याच्या डब्यात तळाला लाडू, त्यांच्यावर शंकरपाळे, चिवडा स्वतंत्र पिशवीत, आणि चकल्या सर्वांत वर, कागदाच्या थरांत. हा डबा बाकाखाली सरकवू नये. तो मांडीवर घेऊन बसणारे कोणी तरी प्रत्येक कुटुंबात असतेच.