एका जहाजाचे रुपये, डहाणू ते दादर

बावन्न लाख रुपये! आज कुणी भुवईसुद्धा उचलणार नाही. पण हे रुपये 1695 सालचे आहेत, औरंगजेबाच्या टांकसाळीतले, एकेक साधारण साडेअकरा ग्रॅम चांदीचा. हाजी आणि मोखा-जेद्द्याच्या व्यापाराचा पैसा घेऊन बादशहाचं ‘गंज-इ-सवाई’ सुरतेकडे परतत होतं. सुरत बंदरात त्याहून मोठं जहाज नव्हतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटलं आणि इतिहासकार खाफीखानाने रक्कम लिहून ठेवली: सोन्याचांदीत बावन्न लाख.

चला, मोजू या. सगळी रक्कम चांदीच्या रुपयांत धरू. वजन किती? साठ टन! दहा टनी सहा ट्रक गच्च भरतील. आता रुपयाची रुंदी घ्या, अंदाजे 22 मिलिमीटर. डहाणू रोडच्या फलाटापासून एकाला एक चिकटवून रुळांच्या कडेने मांडत निघू. वाणगाव गेलं, बोईसर गेलं, पालघर गेलं. वैतरणेचा पूल ओलांडला. विरार आलं, रुपये आहेतच. वसई, बोरिवली, अंधेरी, वांद्रे, अजून आहेतच. पोतं रिकामं होतं ते दादरला! 114 किलोमीटर. हीच रांग मुंबईहून पुण्याकडे लावली असती, तर ती बोरघाट चढायला लागली असती. सेकंदाला एक या वेगाने हे रुपये मोजायला बसा. न झोपता, न जेवता साठ दिवस लागतील.

(विहिरीत मात्र निराशा होते. घोलवडच्या चिकूवाडीतल्या बारा-तेरा फूट रुंदीच्या विहिरीत हे सगळे ओतले, तर ढीग जेमतेम मांडीपर्यंत. चांदी जड असते, जागा फार घेत नाही.)

खाफीखान आणखी एक गंमत सांगतो. त्या वेळच्या मुंबईचं उत्पन्न मुख्यतः सुपारी आणि नारळाचं, आणि तेही वर्षाला दोन-तीन लाखांच्या वर जात नव्हतं. म्हणजे एका जहाजात मुंबईची किमान सतरा वर्षांची कमाई होती! ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब मात्र सव्वातीन लाख पौंडांचा, म्हणजे खाफीखानाच्या निम्म्याच्या आसपास. भरपाई ज्याच्या गळ्यात पडणार, तो लूट कमीच मोजणार.

आणि हे सगळं कुठे घडलं? खाफीखानाच्या मते सुरत आठ-नऊ दिवसांवर असताना. पण एव्हरीचा साथीदार जॉन डॅन सांगतो, सेंट जॉनच्या आसपास. सेंट जॉन म्हणजे इंग्रज खलाशांचं संजाण, तलासरीची हद्द संपली की लागणारं. डहाणू रोडहून चौथं स्टेशन! मी डॅनच्या बाजूचा आहे. तो एव्हरीच्या जहाजावर होता.

डॅन बोलला, कारण तो पकडला गेला. इंग्लंडात रॉचेस्टरला मुक्काम असताना तिथल्या मोलकरणीला त्याच्या जाकिटात शिवलेलं सोनं सापडलं. मग तो सरकारी साक्षीदार झाला आणि वाटे किती पडले ते बाहेर आलं: माणशी एक हजार पौंडांपर्यंत. इंग्रजी आरमारातल्या खलाशाला महिन्याला 24 शिलिंग मिळत. हजार पौंड म्हणजे त्याची साठाहून जास्त वर्षांची नोकरी, एका मोसमात! एव्हरीला पकडून देणाऱ्यासाठी बक्षीस होतं 500 पौंड, ते दुप्पट करून 1000 केलं. म्हणजे त्याच्या एका साध्या खलाशाच्या वाट्याइतकं. एव्हरी कधीच सापडला नाही.

जहाजावरच्या बायकांवर अत्याचार झाले, अनेकींनी समुद्रात उड्या घेतल्या, असं खाफीखान लिहितो. पण लंडनच्या कोर्टात ऑक्टोबर 1696 मध्ये एव्हरीचे सहा साथीदार उभे राहिले ते फक्त चाचेगिरी आणि लुटीसाठी. ज्यूरीने त्यांना चक्क सोडलं! सरकारची नाचक्की झाली. मग दुसरा आरोप लावला: एव्हरीबरोबर बंड करून मुळात इंग्रजांचंच जहाज पळवल्याचा. या वेळी सगळे दोषी. 25 नोव्हेंबरला पाच जण फासावर गेले.

हा झाला एक खटला. ज्या ओल्ड बेलीत तो चालला, तिथल्या खटल्यांचे छापील वृत्तांत आज संगणकावर फुकट वाचता येतात. 1674, म्हणजे शिवराज्याभिषेकाचं वर्ष, तिथपासून 1913 पर्यंत: 1,97,745 खटले, सुमारे पावणेतेरा कोटी शब्द! डहाणू-चर्चगेट लोकलमध्ये जाताना तीन तास, येताना तीन तास, मिनिटाला दोनशे शब्दांनी वाचत राहा. एकही रविवार न चुकवता जवळपास पाच वर्षं लागतील. चाकू, रुमाल, घोडे, खोटी नाणी. कोणी काय चोरलं आणि त्याची किंमत किती, सगळं त्यात आहे.

बरं, चाचे संपले म्हणता? 2011 मध्ये नौदलाने पकडलेले 120 सोमाली चाचे मुंबईत आणले गेले. एव्हरीच्या खटल्यातल्या आरोपींच्या वीसपट! मार्च 2024 मध्ये ‘रुईन’ या जहाजावरून आणखी 35 आले. आपल्या किनाऱ्यापासून 2600 किलोमीटरवर, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या सतरापट दूर, चाळीस तासांची कारवाई.

आता शेवटचा आकडा, पुन्हा खटल्यांचाच, जरा बसून ऐका. आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तीन कोटींहून जास्त फौजदारी खटले पडून आहेत. प्रत्येक फाईल फक्त एक सेंटीमीटर जाड धरा. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर 300 किलोमीटर, मुंबई ते पुणे आणि परत मुंबई! ओल्ड बेलीच्या त्या वृत्तांतांत वर्षाला सरासरी 827 खटले पडतात. त्या गतीने आपला ढीग उपसायला 36 हजार वर्षं लागतील. छत्तीस हजार! अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी खोदून अजून अडीच हजार वर्षंही झालेली नाहीत.

आणि निकाल लागल्यावर? मुदत संपलेले कोर्टाचे कागद नष्ट करण्याची सोय 1917 च्या कायद्यातच आहे. डहाणूच्या कोर्टातली फाईल असो की मुंबईतली, ती जाळण्याआधी निदान फौजदारी निकाल आणि साक्षी तरी स्कॅन करून ठेवा.