कंपनी मिटवताना भागधारकाच्या हाती काय येते?

पेढी मिटवणे आणि कंपनी मिटवणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पेढीचे भागीदार वह्या पुढ्यात घेऊन बसतात, देणी चुकती करतात, उरलेला माल व रोकड ठरल्या हिश्शाने वाटून घेतात आणि प्रकरण संपते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी मागील पिढीत पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली. आता मुले नोकरीनिमित्त दूर गेली, गादीवर बसायला कोणी नाही, म्हणून कंपनी बंद करण्याचा विचार होतो, आणि तेव्हाही पेढीचाच हिशेब मनात असतो. परंतु कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती आहे. दुकानाचा गाळा, मुदत ठेव, मालाचा साठा हे सारे तिचे आहे, भावाभावांचे नव्हे. भागधारकाचा हक्क फक्त शेवटी उरणाऱ्या रकमेवर असतो.

तो शेवट किती दूर आहे, हे 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील क्रमवारीवरून कळते. सर्वांत आधी समापनाचा खर्च. त्यानंतर कामगारांची मागील 24 महिन्यांची देणी आणि आपले तारण समापनाच्या हवाली करणारे धनको, हे दोघे एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा 12 महिन्यांचा पगार, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी व बाकीची देणी. त्यानंतर अग्रहक्क भागधारक आणि अगदी तळाशी सामान्य भागधारक. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी निधीची रक्कम तर या वाटपात धरतच नाहीत, ती कामगारांचीच. तारण घेणाऱ्या बँकेच्या बरोबरीचे स्थान कामगाराला 1985 च्या दुरुस्तीने मिळाले. बँकेत असताना आमच्यापैकी काहींना ते रुचले नव्हते. मला ते तेव्हाही न्याय्य वाटे.

शेअर बाजारातील बुडालेल्या कंपन्यांत ही तळाची पायरी बहुधा कोरडीच राहते. डीएचएफएलचा कारभार 2021 मध्ये नव्या मालकाकडे गेला, तेव्हा सामान्य भागांचे मूल्य शून्य धरले गेले. जेट एअरवेजचे समापन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. धनकोंचे दावेच पुरते भागत नसतील, तर भागधारकापर्यंत काय पोहोचणार?

घरच्या कंपनीची स्थिती सहसा बरी असते. देणी थोडी, मालमत्ता अधिक. अशा कंपनीसाठी स्वेच्छा समापनाचा मार्ग आहे. बहुसंख्य संचालकांनी प्रतिज्ञापत्रावर जाहीर करावे लागते, की कंपनी सर्व कर्जे पूर्ण फेडू शकते आणि समापनामागे कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नाही. त्यानंतर चार आठवड्यांच्या आत भागधारकांनी विशेष ठराव करून परिसमापक नेमायचा. कंपनीवर कर्ज असेल, तर रकमेने दोन तृतीयांश धनकोंची संमतीही हवी. परिसमापक वृत्तपत्रांत जाहिरात देऊन दावे मागवतो. तो शेड्यूल्ड बँकेत कंपनीच्या नावापुढे ‘स्वेच्छा समापनात’ असे शब्द जोडून स्वतंत्र खाते उघडतो, आणि पाच हजारांवरील प्रत्येक रक्कम धनादेशाने वा ऑनलाइन अदा करतो. रोखीने घरात वाटणी करण्यास येथे वाव नाही.

आता हिशेबाचे उदाहरण घेऊ. तीन भाऊ व एक विवाहित बहीण. भाग 30, 30, 30 व 10 टक्के. भांडवल 10 लाख, समापनापूर्वीचा संचित नफा 50 लाख. गाळा चढ्या भावाने विकला गेला. सर्व देणी, गाळ्याच्या विक्रीवरचा कर व परिसमापकाचे शुल्क वजा जाता 1 कोटी 20 लाख उरले. बहिणीला 12 लाख मिळतील. त्यांपैकी 5 लाख संचित नफ्याचा हिस्सा आहेत. ते आयकर कायद्याच्या दृष्टीने लाभांश ठरतात आणि तिच्या इतर उत्पन्नात मिळवून कर लागतो. उरलेले 7 लाख म्हणजे जणू भागांची विक्री किंमत. भागांची खरेदी 1 लाख असेल, तर 6 लाख भांडवली नफा. सूचीबाह्य भाग 24 महिन्यांहून अधिक काळ धारण केले असल्यास 23 जुलै 2024 पासून त्यावर साडेबारा टक्के दराने कर आहे, अधिभार व उपकर वेगळा. पूर्वी बोनस भाग देऊन नफ्याचे भांडवल केले असले, तरी समापनाच्या वेळी तो संचित नफाच मानला जातो. तेवढ्याने कर वाचला, असे समजणारे पुष्कळ आहेत.

गाळा विकणे अवघड असेल, तर सभासदांच्या मान्यतेने तो भागधारकांना जसाच्या तसा देता येतो. अशा वाटपावर कंपनीला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र भागधारकाच्या हाती त्या दिवसाचा बाजारभाव धरला जातो. कर भरायला रोकड कोठून आणायची, हे आधीच ठरवलेले बरे.

आणखी दोन बाबी वहीत पाहून घ्याव्यात. घरच्या मंडळींनी कंपनीला दिलेल्या उसनवारीपुरते ते धनको असतात आणि ती रक्कम भागधारकांच्या आधी परत मिळते. मात्र ती कर्ज म्हणून नोंदलेली हवी. दुसरी बाब सभासद नोंदवहीची. दिवंगत वडिलांच्या किंवा आईच्या नावे भाग तसेच राहिलेले असतात. परिसमापक नोंदवही पाहून पैसे देतो. बहिणीचा वारसाहक्क तोंडी सर्वांना मान्य असला, तरी नोंद नसेल तर तिचा हिस्सा अडकतो, आणि मग घराघरांत जे बोलणे होते ते पैशापुरते राहत नाही. ठरावापूर्वी वारसांची नावे चढवून घ्यावीत.

काहीजण खर्च वाचवण्यासाठी कंपनीचे नाव निबंधकाच्या नोंदणीतून काढून घेण्याचा मार्ग धरतात. देणे नाही, मालमत्ता नाही, अशा रिकाम्या कंपनीला तो योग्य आहे. पण जुनी ठेव किंवा गाळ्याचे खरेदीखत कंपनीच्या नावे राहिले, तर पंचाईत होते. 2017 मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली, तेव्हा त्यांच्या खात्यांवर निर्बंध घालण्यास बँकांना सांगण्यात आले होते. नाव निघाल्यावरही संचालकांची जबाबदारी संपत नाही. अडकलेली रक्कम सोडवायची, तर राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडून कंपनीचे नाव पुन्हा नोंदवून घ्यावे लागते; सभासद किंवा धनको यांना त्यासाठी 20 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो.