अकरावी प्रवेशाची पूर्वतयारी (मुंबई उपनगरे)

अकरावी प्रवेशाची पूर्वतयारी म्हणजे माध्यमिक शाळेत, प्रामुख्याने नववी-दहावीत असताना, कनिष्ठ महाविद्यालयातील शाखा, विषय, माध्यम व महाविद्यालय यांसंबंधी केलेला विचार आणि सिद्धता होय. मुंबईच्या उपनगरांत ती बहुधा निकालानंतरची धावपळ मानली जाते. वस्तुतः तिच्यातील महत्त्वाचे निर्णय निकालापूर्वीच होऊन गेलेले असतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शालान्त परीक्षा पूर्वी अकरावीच्या अखेरीस होत असे. १०+२+३ या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि महाविद्यालयाचा उंबरठा एक वर्ष अलीकडे आला. अंधेरीचे भवन्स (१९४६) किंवा घाटकोपरचे रामनिरंजन झुनझुनवाला (१९६३) यांसारख्या जुन्या महाविद्यालयांत पंधरा-सोळा वर्षांची मुले शिकू लागली. मुंबई परिसरात २००९ पासून प्रवेश ऑनलाइन होतात. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू आहे.

पसंतीक्रम आणि विषय

पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. तो नाकारणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद होतो. म्हणून केवळ नाव ऐकून पहिला क्रमांक भरणे धोक्याचे ठरते. जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागणाऱ्यांनी ते दहावीच्या वर्षातच मिळवणे हिताचे.

राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण २०१० मध्ये आले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवले. या सवलतीमुळे नावडता विषय सोडून देण्याची वृत्ती बळावते. तो विषय गणित असल्यास टक्केवारीला धक्का लागत नाही, पण विज्ञान शाखेत भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणांत उणीव उघडी पडते. वैद्यकीय शिक्षणासाठी जीवशास्त्र, तर अभियांत्रिकीसाठी गणित अकरावीतच निवडावे लागते. वाणिज्य शाखेतही बहुधा गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांतून निवड करावी लागते.

माध्यमाचा प्रश्न

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी खरी कसोटी येथे आहे. कला व वाणिज्य शाखांत बारावीचे अनेक विषय मराठीतून लिहिता येतात; विज्ञान मात्र इंग्रजीतूनच शिकावे लागते. ‘त्वरण’ ही संकल्पना नीट समजलेला विद्यार्थी ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द ऐकून गोंधळतो, ‘संयुजा’ पाठ असूनही ‘व्हॅलन्सी’ त्याला नवी वाटते. ज्ञान असूनही मूल वर्गात गप्प बसते, आणि ते गप्प बसणे अज्ञान समजले जाते. सेमी-इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना ही अडचण कमी जाणवते. इतरांनी नववीपासून प्रत्येक धड्यातील संज्ञांची मराठी-इंग्रजी वही ठेवल्यास बराच फरक पडतो. त्यासाठी शिकवणी लागत नाही. मात्र नुसत्या संज्ञा पुरत नाहीत. व्याख्या व कारणे एकदोन वाक्यांत इंग्रजीतून लिहिण्याचा सरावही हवा.

अंतर

प्रवासाचा वेळ पसंतीक्रम भरताना सहसा विसरला जातो. प्रात्यक्षिकांच्या दिवशी घरी परतायला उशीर होतो, आणि गर्दीच्या लोकलमधला तास अभ्यासातूनच जातो. पश्चिम व मध्य रेल्वेवरील उपनगरे एकमेकांजवळ दिसली तरी लोकलने दादरमार्गे वळसा पडतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाल्यावर घाटकोपरच्या विद्यार्थ्याला अंधेरीतील महाविद्यालय आवाक्यात आले. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असून त्यांना थेट जोडणारी लोकल नाही.